सरक

अकलूजच्या बाजारात दोघा-तिघांनी
तिचे दात बघितले.
मीही बघितले. काय बघायचं ते ठाऊक नसताना
मान हलवली.
कुमैत. कपाळावर चांदणी, मागचा एक पाय पांढरा.
पैसे मोजताना हात स्थिर होते,
दोर हातात घेताना नव्हते.

शिरोलीत एकतीस वर्षं लेथवर काढली.
लोखंडाला मी सांगायचो, ते ऐकायचं,
सुतभर इकडंतिकडं नाही.
निवृत्तीच्या पैशातनं कुणी गुंठा घेतला, कुणी सोनं.
मी वडणग्यात, चुलतभावाच्या गुऱ्हाळामागं
पत्र्याचं छप्पर घातलं.
मालन म्हणाली, "घोडी घ्यायचं काय अडलं होतं?"
काहीच अडलं नव्हतं.
लहानपणी टांग्याच्या मागं लोंबकळताना
एकदा चाबूक बसला होता हातावर.
तेवढंच.

पहिल्या दिवशी लीद काढायला आत शिरलो.
"सरक," म्हणालो.
गुंजी सरकली नाही.
जरा वेळ थांबून मीच सरकलो.

महिनाभर हेच.
खरारा करताना तिनं कान मागं पाडले
की माझा हात खिशात.
दस्तगीर नालबंद यायचा, तिचा खूर मांडीवर घ्यायचा,
पोराच्या पायातला काटा बघावा तसा.
"टर्नरसाहेब, तुम्ही श्वास धरून उभं राहताय.
तिला वाटतंय, इथं कुठंतरी वाघ आहे."
म्हटलं, वाघ हीच.
तो हसला, ओठांत खिळे धरून.

गावातले विचारायचे, "घोडं कुठं पेंड खातंय?"
इथंच खातंय, माझ्या दारात. तक्रार नाही.
"मग बसणार कधी?"
खोगीर खुंटीवर. रिकिबीत कोळ्यानं घर केलं.
मी मोडलं नाही.

माघातल्या एका रात्री तोबरा भरलेला तसाच राहिला.
पुढचा पाय आपटायची, वळून
स्वतःच्याच पोटाकडं बघायची,
तिथं कुणी हाक मारल्यासारखी.
डॉक्टर गडहिंग्लजला अडकलेले.
फोनवर म्हणाले, "पहाट होईल मला. लोळू देऊ नका. चालवा."

चालवली.
चिपाडांच्या ढिगापासून पाणंदीच्या टोकापर्यंत,
पुन्हा ढिगापर्यंत. चुलाणातला जाळ
एका बाजूनं तोंडावर, परतताना पाठीवर.
तिसाव्या फेरीनंतर मोजणं सुटलं.
दोनदा तिनं गुडघे टेकले.
दोनदा मी खांदा लावला तिच्या खांद्याला
आणि मशीनांच्या गोंगाटावर ओरडायचो
त्या आवाजात ओरडलो, "ऊठ!"
तो आवाज अजून शिल्लक आहे हे मलाच माहीत नव्हतं.

मधेच कान लावायचो तिच्या कुशीला.
सुट्टीच्या दिवशीचा कारखाना. सामसूम.
यंत्र बंद पडलं तर नुसत्या कानानं सांगायचो मी,
काय बिघडलंय.
इथं नुसता ऊबदार अंधार,
आणि माझ्या खांद्यावर तिची सगळी मान. ओझ्यासारखी.
मी ते घेतलं.

चारच्या सुमाराला आत काहीतरी गुरगुरलं.
मग शेपूट वर.
मालननं बॅटरी मारली त्या लिदीवर,
वाफा निघत होत्या,
आणि आम्ही दोघं बघत उभे,
पहिला पगार बघावा तसे.

डॉक्टर आले, नळी घातली, हात धुतले.
"मालक कोण?"
"मी," म्हणालो. घसा खाकरावा लागला नाही.

दुपारी आत शिरलो, फावडं घेऊन,
झोपेत, डोक्यात कसलाच विचार नसताना,
भांडी घासणाऱ्या बाईनं पोराला म्हणावं तसं
म्हणून गेलो, "सरक."

दोन पावलं.
मग चघळत उभी राहिली पूर्वीसारखी,
काही विशेष घडलं नाही असं दाखवत.
फावडं मात्र माझ्या हातात
बराच वेळ तसंच राहिलं.

खोगीर अजून खुंटीवर आहे.
कोळीही.
रविवारी त्याच्याशी बोलायला हवं.