लॉट एकशे एकोणचाळीस

शरणपूर रोडच्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर लिलाव.
पहिल्यावर कुणाचा तरी साखरपुडा,
म्हणून लिफ्टमधल्या बायकांनी विचारलं,
तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या?
म्हटलं, नाण्यांकडची.

सुराणांनी हातात पाटी दिली, नंबर सत्तावीस.
"हिरवे मॅडम, नुसती उचलायची.
पण डोकं खाजवायला जरी वर गेली
तरी मी बोली धरतो."
मग काय, तासभर ताठ.

जपान गेलं. झांजीबार गेलं.
एक नाणं गेलं ज्याचा देशच आता नकाशावर नाही,
त्याला साडेचार हजार आले.
सटाण्याचे डॉक्टर डोळ्यातलं भिंग न काढताच चहा पीत होते.

मग एकशे एकोणचाळीस.
ऑस्ट्रियाची राणी, चांदी, साल १७८०.
राणी त्याच साली गेली,
टाकसाळीनं मात्र साल बदललं नाही,
पुढे कितीही वर्षांनी पाडलं तरी १७८०च.
तांबड्या समुद्राकडची गिऱ्हाइकं
दुसरं साल हातात धरत नसत म्हणे.
हे सगळं कॅटलॉगात होतं,
आणि खाली बारीक अक्षरात:
वरच्या बाजूस भोक. दागिन्यात वापरलेले. सदोष.

सदोष.
हा शब्द मी एकतीस वर्षं लिहिलाय.
नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये,
तपासणीच्या टेबलावर, लाल पेन्सिलीनं.
शाई फुटली, सदोष.
नंबर सरकला, सदोष.
कडेला केसाएवढी रेघ, आणि जेवणाची सुट्टी व्हायला दोन मिनिटं,
तरी सदोष.
संध्याकाळी गेटवर झडती,
पर्समध्ये रिकामा डबा, पास, बसचे सुटे.
भाजीवाल्याला दहाची नोट द्यायची
तर हात आधी आपोआप उजेडाकडे जायचा.
बाद झालेले ताव पुढे कुठे जातात
ते माहीत होतं.
त्याचं कधी काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर म्हणाले, भोकाचं काय करायचं?
आणि त्यांनी पाटी उलटी ठेवली.
फोनवर कुणीतरी होतं, अठराशेपर्यंत आलं,
मग त्याची रेंज गेली की हौस गेली, कळलं नाही.
माझी पाटी वरच होती.
दोन हजार एक वार,
दोन हजार दोन वार.
वर कमिशन, वर जीएसटी,
आणि खालच्या मजल्यावर नेमका तेव्हाच बँड.

खिडकीपाशी नेऊन पाहिलं, जुन्या सवयीनं.
भोकाची वरची कड झिजलेली, खालची धारदार.
म्हणजे लोंबतं होतं, आणि वर्षानुवर्षं.
राणीच्या कपाळावरचे केस नीट मोजता येतात,
मागच्या गरुडाची पिसं मात्र साफ पुसलेली:
ती बाजू अंगाला.
कुणीतरी हे घालून पाणी भरलं,
घालूनच झोपलं.
पेठेत गेल्यावर तिला कुणी म्हणालंही असेल,
बाई, भोक पाडून किंमत घालवलीस.

नदीवरून चालत निघाले.
गाडगे महाराज पुलाखाली पोरं
दोरीला लोहचुंबक बांधून गोदेत फेकत होती,
लोकांनी वाहिलेले रुपये, दोन रुपये वर काढत.
एकाला म्हटलं, जरा बघ रे हे.
त्यानं चड्डीला हात पुसला, चुंबक लावला.
राणी घसरून त्याच्या तळव्यात पडली.
उलटी करून लावली. पुन्हा तेच.
"चिकटत नाही मावशी. खोटंय.
कितीला दिलं?"
मी आकडा सांगितला, कमिशन सोडून.
त्यानं बाकीच्या पोरांना हाक मारली.

सगळ्यांनी मिळून पाहिलं.
एकानं ओला रुपया चुंबकाला टच्चकन लावून दाखवला,
खरं कसं असतं ते.
मी म्हटलं, ते राहू दे,
ह्या भोकातून तुझी दोरी जाते का बघ.
त्यानं टोक जिभेवर ओलं करून, पिळून पाहिलं.
नायलॉन जाड होतं. गेलं नाही.