फक्त या बेटांवर चालेल

स्कोपुनच्या धक्क्यावर तिकिटं फाडण्यात
माझी अडतीस वर्षं गेली.
फाडायचा वीट आला म्हणून असेल कदाचित,
मी कागद जपायला लागलो.

चाळीस सालच्या नोटा.
जर्मनांनी डेन्मार्क घशात घातला,
आणि राजाच्या देशाचा पैसा
आम्हाला अचानक परका झाला, तेव्हाच्या.
मग कुणीतरी एकेक नोट समोर ओढून
तिच्यावर शिक्का मारला :
फक्त फेरो बेटांवर चालेल.

मला आवडतं ते वाक्य.
आमच्या पुष्कळ गोष्टींना ते लागू पडतं.
वाऱ्यावर वाळवलेलं मटण,
माझे विनोद,
शेजारच्या सुन्वरचा राग.

पहिली नोट तिनंच दिली. पाच क्रोनर.
मेंढ्यांच्या हिशेबाच्या वहीत चिकटून बसलेली,
माशाच्या तेलाचा वास अजून न गेलेली.
मागच्या बाजूला पेन्सिलीनं :
बारा कोकरं, पैकी दोन लंगडी.
कोपनहेगनचा व्यापारी भिंग न काढताच म्हणाला,
या पेन्सिलीनं निम्मी किंमत खाल्ली.
घरी येऊन मी खोडरबर शोधला, सापडलाही.
पण मग त्या दोन लंगड्यांनी
जायचं कुठं?

तर, अ‍ॅबरडीनहून आलेलं पाकीट.
आत दहाची नोट. चार घड्या,
शिक्का जरा कलता, एक कोपरा उंदरानं चाखलेला.
सोबत एल्सपेथ नावाच्या बाईंची चिठ्ठी :
माझी आजी बंदरावर खानावळ चालवायची.
बेचाळीसच्या मार्चमध्ये तुमच्याकडचा एक खलाशी राहिला,
आइसलँडचा मासा घेऊन आलेल्या बोटीवरचा.
सकाळी त्यानं ही नोट पुढं केली.
आजी म्हणाली, हा पैसा इथं वटत नाही, बाळा.
तो लाजला.
म्हणाला, राहू दे तारण, पुढच्या फेरीला सोडवून नेतो.
वहीत अजून येणं दिसतं आहे :
एक रात्र, नाश्ता, सदरा धुणावळ.
नाव तुमास. आडनाव आजीला लिहिता आलं नाही.

आडनाव मला येतं.
नाव तर मी रोज वापरतो.
बोट गेली त्यानंतर चौदा वर्षांनी मी जन्मलो,
आणि वडिलांनी भावाचं नाव माझ्यावर उमटवलं.
त्याच्याबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत.
एकदाच,
जाळ्याची गाठ ओढता ओढता म्हणाले,
तुमास म्हणजे बंदा रुपया होता
(आमच्याकडे रुपया नसतो, पण त्याच अर्थाचं काहीतरी).
मग सुतळी दातांनी तोडली.

नोट कुठं लावायची ते ठरेना.
कोऱ्या करकरीत नोटांशेजारी ती
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी अवघडायची.
आठवडाभर ती टेबलावर राहिली,
साखरेच्या डब्याखाली.
मी उगाच हिशेब करत बसलो :
ऐंशी वर्षांचं व्याज,
एका सदऱ्याच्या धुणावळीवर.

बोगदा झाल्यापासून स्कोपुनची बोट बंद आहे.
गाड्या समुद्राखालून येतात, कुणाला लागत नाही,
कुणी कठड्याला धरून उभं राहत नाही.
शेवटच्या दिवशी गड्डीतलं एक तिकीट मी खिशात टाकलं होतं.
अडतीस वर्षांतली तेवढी एकच चोरी.

तेच पाठवलं अ‍ॅबरडीनला.
न फाडलेलं.
हे आता कुठंच चालत नाही,
असं चिठ्ठीत लिहायला घेतलं, आणि खोडलं.
(खोडरबर शेवटी कामाला आला.)
त्याऐवजी लिहिलं :
राहू दे तारण.

सुन्वर म्हणते, बाई म्हाताऱ्या असतील, येणार नाहीत.
म्हणते, पैसे पाठवले असतेस तर शोभलं असतं.
असेल.
मी रोज संध्याकाळी रिकाम्या धक्क्यावर जातो,
पाय मोकळे करायला.
बोटीची वाट बघणं
फक्त या बेटांवर चालतं.