झाळ

देवळालीच्या चर्चमधून निरोप आला,
बाप्तिस्म्याच्या कुंडाला पोचा पडलाय,
जमलं तर गुरुवारी या.
हातोड्या, मोगरी, मूठभर चिंच पिशवीत टाकून
मी बसने गेलो.

सुवार्ताबाई पगारे किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात.
चपला काढू लागलो तर म्हणाल्या, राहू द्या, चालतं.
त्यांच्या मात्र पायरीशीच होत्या.

आत दगड आपलाच, काळा, घाटावरचा,
पण कमानी टोकाशी चिमटीत धरून वर ओढलेल्या,
आणि छत म्हणजे पालथी घातलेली नाव.
तिकडच्या कुठल्या खेड्यातल्या
सातशे वर्षांच्या देवळाची ही नक्कल, बाई म्हणाल्या.
एका कप्तानाने आठवून आठवून कागदावर काढलं,
आठवलं नाही तिथे
इथल्या गवंड्याने मनाने बांधलं.
तिथे म्हणजे कुठे?
त्यावर मंडळीत अजून वाद आहे.

गाणाऱ्यांची बाकं उचलून उभी करता येतात.
उभ्याने पेंग आली तर टेकायला
खाली लाकडाचा एक ओठ.
त्याच्याखाली, कुणी वाकणारच नाही अशा जागी,
सुताराने कोरलंय अडलेलं टांग्याचं घोडं
आणि त्याची शेपूट ओढणारा साहेब.
बाई हसल्या. पाळकांना सांगू नका.

पितळी गरुड पंख पसरून उभा.
पाठीवर विष्णू नाही, उघडं पुस्तक.
चोच हात लावून लावून गुळगुळीत.
ओतकाम चांगलं, डाव्या पंखाखाली हवेचा फोड,
तो मी बोलून दाखवला नाही.

वेदीच्या बाजूच्या भिंतीत तिरकं भोक.
तिकडे म्हणे महारोग्यांना आत घेत नसत,
त्यांनी बाहेरून इतकंच पाहायचं.
कप्तानाने तेही आठवणीने काढलं होतं.
आता त्यातून चिमण्या येतात.
बाईंनी फडक्याने कडा पुसली.
माझे आजोबा पंचवटीत असेच उभे होते भिंतीबाहेर,
त्या भिंतीला भोकही नव्हतं,
असं म्हणून त्या
कुंडाची किल्ली शोधू लागल्या.

मी तांबट. आमची आळी त्या भिंतीपासून फार लांब नाही.
मी पिशवीतली हातोडी काढली,
परत ठेवली,
मग दुसरी काढली.

कुंड आठ कोनी, झाकणाला कुलूप.
पाण्याला कुलूप कशाला?
चोरीला जायचं तिकडे. जादूटोण्याला.
म्हटलं, आम्हीही गंगा गडूत भरून
तोंडाला झाळ लावून देतो,
गिऱ्हाईक हलवून, कानाशी धरून बघतं
आत आहे ना.

दगडातलं तांब्याचं भांडं उपसून बाहेर काढलं.
मधोमध भोक, त्यातून पाणी सरळ मातीत,
कुणाच्या पायाखाली नाही.
पोचा मठारायला दुपार गेली.
प्रत्येक ठोक छतात जाऊन
जरा उशिराने परत यायचा,
जणू वर कुणी दुसरा बसलाय कामाला.

चिंचेने घासलं तेव्हा तळाशी शिक्का उमटला.
आमच्या घरचा नव्हता.
समोरच्या घराचा,
ज्यांच्याशी आजोबांपासून बोलणं नाही.
हात बारीक, ठोक एका अंतरावर,
सांधा शोधूनही सापडेना.

कल्हई केली.
शिक्क्याभोवतीची बोटभर जागा
तशीच लाल सोडली.