समशेष

(फलज अल कबाइल, सोहार)

रात्रपाळीच्या सहाशे डांगऱ्या.
मी माप बघतो, माणूस बघत नाही.
एल एलमध्ये, एक्सएल एक्सएलमध्ये.
डंबर थापाची आणि मुर्शिदची एकाच टोपलीत,
भट्टीची काजळी दोघांच्याही कोपरावर, त्याच जागी.

दापोलीला बी.एस्सी.ला खांबेटे सर म्हणायचे,
सारखं मानायला काय लागतं रे, कुणीही मानेल.
सारख्यांवर सारखीच क्रिया करा,
निघेल तेही सारखंच निघालं पाहिजे.
प्रत्येक क्रियेला. एकीलाही सूट नाही.
मग म्हणा समशेष.

धुणं पार होतं. पिळणंही.
वाळणं तर इथे विचारूच नका.
पगारातून मेस वजा, एजंटचा हप्ता वजा,
दोघांची बाकी बैशापर्यंत एक.

शुक्रवारी फोन लागतो.
डंबर टाकीमागे जातो, येताना शीळ घालतो.
मुर्शिद जातो,
आणि येऊन धुतलेली डांगरी
पुन्हा बादलीत बुडवतो.

तेवढ्या एका क्रियेला
माझ्या टोपल्या टिकल्या नाहीत.

खोली नंबर चौदा मात्र संवृत आहे.
डंबरची डाळ, मुर्शिदचं मोहरीचं तेल, माझं आमसूल:
कुठलेही दोन घ्या, कालवा,
जे होतं ते आमचंच, त्याला दुसरीकडे नाव नाही.
भांडणसुद्धा उंबऱ्याबाहेर पडत नाही.
सर याला उपरचना म्हणायचे,
मोठ्यातली छोटी, आपली आपल्यात पुरणारी.

कॅम्पही तसाच.
बस, साइट, मेस, बस,
कशाला काहीही जोडा, उत्तर कुंपणाच्या आत.
संवृत आणि कोंडलेलं यांतला फरक
पेपरला नव्हता.

आणि एक क्रिया असते, जिला काहीच द्यावं लागत नाही.
न देता जे मिळतं
ते प्रत्येक उपरचनेत असावंच लागतं.
मी पुष्कळ शोधलं.
इथे न देता मिळतं ते ऊन.

काल मुर्शिदची डांगरी टोपलीत टाकली नाही.
हातानं धुतली, कॉलरच्या आत
मार्करनं एक टिंब केलं.

जो तो फक्त स्वतःशीच समशेष:
हाही नियमात बसतो, सर.
सगळ्यांत लहान संबंध,
कुठल्याच क्रियेला न फसणारा.

त्याला सहाशे टोपल्या लागतात.
माझ्याकडे पाच आहेत.