कोडी

हर्णै बंदर. सोसायटीच्या पत्र्याखाली
बर्फाच्या क्रशरशेजारी माझा लॅपटॉप थरथरतो.
सकाळपासून स्क्रीनवर तीच ओळ:
या नावाचं, असा प्रकार घेणारं फंक्शन सापडत नाही.

नाव बरोबर आहे. मीच ठेवलंय, मार्चात.
त्याला हवी कोडी,
आणि काट्यावरचा पोरगा नुसता आकडा पाठवतोय.
घरच्याच माणसाने कडी वाजवावी
आणि आतून विचारावं, कोणाचा रे तू?

मग कास्ट लिहिलं. वीसने भाग, झाली कोडी.
फंक्शन चाललं. बेरीज आली.
चुकीची आली.
एरर निदान ओरडतो,
ही गुपचूप पावतीवर छापून गेली.

चांगुणा पावसे ती पावती घेऊन उभी.
तिच्या टोपलीचं पाणी माझ्या चार्जरकडे निघालेलं.
"पाच कोडी बांगडा घेतला मी. हे साडेपाच कुठले?"
एकशे दहा नग, म्हटलं. कोडी म्हणजे वीस.
"बावीस गो. वीस मोजायचे, दोन वर टाकायचे.
फुटके निघतात, त्यांच्यापायी."

व्याख्याच पुसून नवी करावी म्हटलं, तर डेटाबेस म्हणाला:
हा प्रकार काढता येणार नाही,
इतर गोष्टी यावर अवलंबून आहेत.
खाली यादी. लिलाव, उधारी, बर्फ, डिझेलची सवलत,
दोन व्ह्यू, एक ट्रिगर,
आणि मस्कतला जाण्याआधी
मुरारी रघुवीर लिहून गेला ते एक फंक्शन,
आत एकही टीप नाही.

'सगळ्यासकट काढ' असा एक शब्द असतो.
टाइप केला. एंटरवर बोट ठेवलं.
क्रशर थांबला तेवढ्यात, समुद्र ऐकू आला.
शब्द खोडला.

कोडीला एक जास्तीचा कप्पा जोडला: वरचे.
नव्या नोंदी सरळ झाल्या.
जुन्यांत तो कप्पा रिकामा, शून्यसुद्धा नाही.
तेव्हाही दोन पडत होते टोपलीत,
लिहीत कोणी नव्हतं.
आणि रिकाम्यात वीस मिळवले की वीसही जातात:
अख्खा मार्च एका क्षणात कोरा.

रिकामं असेल तिथे दोन धर, असं लिहिलं
आणि शेजारी टीप: चांगुणाबाईंच्या शब्दावर.

तिने नवी पावती बोटाने वाचली,
पाचावर नख टेकवलं,
टेबलावर कागदात काही ठेवलं.
"हे नको लिहूस."

घरी येऊन मोजले.
दोन.