वरचा मजला

कागदावर घर फार सोपं होतं.
बँकेचा हप्ता, घरपट्टी, विमा मिळून अकराशे डॉलर,
वरच्या मजल्याचं भाडं नऊशे पंचवीस.
वजा करा.
मिलवॉकीत, दक्षिणेच्या अंगाला, दोन मजली लाकडी घरात
माझं स्वतःचं राहणं एकशे पंच्याहत्तरात.
ती वजाबाकी मी शाळेच्या बसच्या आरशामागे
वर्षभर खोचून ठेवली होती.
लाल सिग्नलला काढून पाहायचे.
चूक सापडत नव्हती.

पंचवीस वर्षं बस चालवली, एकोणतीस वर्षं भाडं भरलं.
आगाऊ रकमेसाठी पोटाला चिमटे काढले,
दातांचं काम पुढे ढकललं.
तळघरात दोन तास घालवून वर आलेला तपासनीस म्हणाला,
छप्पर पाच वर्षं काढेल, बॉयलरचं मात्र मी काही बोलत नाही.
मी त्याचं बोलणं ऐकलं
आणि न बोललेलं ऐकलं नाही.

सह्या इतक्या केल्या की शेवटी
अर्नेटा प्रुइट हे नाव कुणा दुसरीचं वाटायला लागलं.
मग अकरा किल्ल्यांचा जुडगा.
चार किल्ल्या कुठल्याच कुलपाला लागत नाहीत.
फेकवत नाहीत.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात.
मी म्हणते, बांधलेलं घेऊन पाहावं,
तेही वर कुणीतरी आधीपासून राहत असलेलं.

मारिसोल इबार्रा. बेकरीत रात्रपाळी.
मुलगा पाच वर्षांचा, तो चालत नाही, धावतोच.
पहिल्या दिवशी ती दारात आली
आणि मला 'मॅम' म्हणाली.
मी मागे वळून पाहिलं.

जानेवारीत, उणे वीसच्या रात्री, बॉयलर गेला.
माझ्या खोलीतला रेडिएटर दगडासारखा गार,
वर मुलाचं धावणं बंद.
ते बंद झालेलं मला आधी ऐकू आलं, थंडी नंतर जाणवली.
माझे दोन्ही हीटर मी मागच्या जिन्याने वर नेऊन दिले,
आणि कोट घालून झोपले.
मनाचा मोठेपणा वगैरे नाही.
करारात लिहिलंय, ऊब देणं मालकाकडे.
मालक! वाचताना मी अजून डॉम्बेकचाच चेहरा पाहत होते.

दुरुस्तीला तेराशे चाळीस.
दीड महिन्याचं भाडं, एका दुपारी, एका माणसाच्या खिशात.
त्याने बूटही पुसले नाहीत.

त्या महिन्याचं भाडं नऊ तारखेला आलं.
गाडी बंद पडली, मारिसोल म्हणाली, ऑल्टरनेटर.
ही सबब माझ्या ओळखीची.
अठ्ठ्याण्णव साली, ऑल्टरनेटरसकट, मीच डॉम्बेकला दिली होती.
खरी होती.
तो जिन्यात उभा राहिला, हातमोजे न काढता,
आणि माझ्या डोक्यावरून कुठेतरी लांब पाहत राहिला.
मला वाटायचं, दगड आहे हा.
आता वाटतं, बहुतेक तो वजाबाकी करत होता.

करारात उशिराला चाळीस डॉलर.
मी ते माफ केले, असं लिहिलं तर ही कविता बरी दिसेल.
मी घेतले.
पावतीवर तारीख घातली, आकडा घातला,
आणि तिने घडी घालून ती पावती
एप्रनच्या खिशात ठेवेपर्यंत
हातमोजे न काढता उभी राहिले.

संध्याकाळी मागच्या जिन्यावर मीठ टाकलं, बर्फासाठी.
रात्री परत टाकलं.
सकाळी तिच्या परतायच्या वेळेआधी परत एकदा.
मीठ काही फुकट येत नाही,
तेही लिहून ठेवलं.

आता हिशोब मी बॉयलरच्या बिलामागे मांडते, पेन्सिलने.
हप्ता तोच, भाडं तेच.
मधे एक ओळ मोकळी सोडते,
तिला काय नाव द्यायचं ते अजून कळलेलं नाही.
वर तो पुन्हा धावायला लागलाय,
खिडकीपासून दारापर्यंत,
दारापासून खिडकीपर्यंत.