चौदा, सोळा, अठरा

परळ. दुसरा मजला, कॅथलॅब.
शिशाच्या एप्रनखाली माझे दोन स्वेटर, तरी बोटं गार.
टेबलावर मनोहर घाडीगावकर, एकसष्ट,
पाणीखात्यात चावीवाले होते.
तीन वर्षांपूर्वी इथेच बसवलेली जाळी
आतून पुन्हा भरत आलेली.

"गंज धरला ना?"
गंज नाही काका, मांस वाढतं.
जखम भरताना शरीराला
कुठे थांबायचं ते कळत नाही.

फुगा आत जातो. मूठ माझ्या हातात,
मी फिरवते, आकडे मोठ्याने म्हणते :
सहा. आठ. दहा.
फुगा सटकतो पुढे,
चिमटीत दाबलेल्या कलिंगडाच्या बीसारखा.
मागे घेतला. पुन्हा सटकला.
मर्झबान सरांची शीळ थांबते.
जास्त जोराचा द्या, ते म्हणतात.

बारा. चौदा. सोळा.
"बाई," चादरीतून आवाज,
"चावी हळू फिरवा. एकदम सोडलं की लाइन फुटते."
अठरा,
आणि काटा धपकन शून्यावर.

फुगा फाटला.
पडद्यावर धमनीच्या कडेला एक चीर,
तिच्या पुढे काळं काहीच जात नाही.
मॉनिटरवरची रेघ तंबू ठोकल्यासारखी उभी.
"छातीवर कोण बसलंय?" ते विचारतात,
अगदी सभ्यपणे, जणू उठायला सांगणार आहेत.

सिस्टर कागद घेऊन बाहेर पळते.
काकूंच्या हातात पेन चालत नाही,
त्या झटकतात, फरशीवर निळे थेंब.

बोलत राहा काका, मी म्हणते.
विक्रोळीला पाणी किती वाजता सोडायचे?
"कुठली विक्रोळी?"
टागोरनगर.
"चार वीस... हल्ली भोपळे सोडतो...
झोपाळू आहे मेला..."
सर तार सांभाळतात, सांभाळतात,
घाम चष्म्यावरून मास्कवर.
जाळीत दुसरी जाळी.
मी फिरवते. हळू. आकडे ओठांतल्या ओठांत.

नऊ मिनिटं, नोंदवहीत लिहिलं.
काळी रेघ टोकापर्यंत गेली.
"झालं का?" काका.
सध्यापुरतं, सर म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत.
फाटका फुगा मी लाल पिशवीत टाकला,
नखाएवढा.

पहाटे घरी जागी झाले.
नळाने आधी नुसती हवा खोकली,
मग गढूळ दोन घोट,
मग बादलीत धार.
घड्याळात चार पस्तीस.

उद्या वॉर्डात जाऊन सांगायला हवं,
भोपळे आजही झोपला होता.